खाज कुठून आली?

उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि दोन्ही पापण्या. माझी खाज एवढ्याच जागी होती. आधी बारीक पुळ्या उठायच्या, त्यांतून पाणी सुटायचं, मग कातडी जाड होऊन तडकायची. सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या. मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा पहिल्यासारखं. रात्री झोप नाही, दिवसा हातात काडी धरवत नाही.

मी रानशेतची. गंजाड आमच्या शेजारचं गाव, आणि वारली चित्रं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. गंजाडच्या कळंबीपाड्यावरच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगापुढे नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल या चित्रांवर चालते. अशा घरात बाईचा उजवा हात बसला की सगळंच बसतं. मी डॉक्टर नाही. पण ज्या वाटेने कारण सापडलं ती वाट मला नीट आठवते, आणि तशीच खाज घेऊन बसलेल्या माणसांना तिचा उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

१. औषधाच्या आधी जागा पाहा.

खाज कुठे आहे आणि कुठे अजिबात नाही, हे कागदावर लिहून काढा. अंगाचं चित्र काढून त्यावर खुणा केल्या तर आणखी चांगलं. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, कंबर, आणि रात्री वाढणारी खाज: खरजेचा संशय घ्या. जांघेत किंवा कमरेच्या घडीत गोल चट्टा, त्याची कड लाल आणि उठलेली, मधली कातडी जरा निवळलेली: गजकर्ण, म्हणजे नायटा. कानाची पाळी, मनगटाची घड्याळाखालची जागा, बेंबीजवळ पँटच्या बटणाखालची जागा: खोट्या दागिन्यांतलं नि बटणातलं निकेल. पावलाच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याचाच आकार उमटला असेल तर चपलेचं रबर किंवा कमावलेलं चामडं. कपाळाच्या मधोमध असेल तर टिकलीचा गोंद. केसांच्या कडेने आणि कानांमागे असेल तर केसांचा काळा रंग.

पापण्यांचं मात्र वेगळं आहे. सगळ्या अंगात पापणीची कातडी सर्वांत पातळ. हाताला लागलेलं काहीही डोळे चोळताना तिथे जातं आणि हातावर काही दिसायच्या आत पापणी सुजते. हवेतून येणारी वस्तूही आधी तिथेच बसते. गाजर गवताचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. हे गवत १९५६ साली पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्याच्या मागोमाग शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या काळवंडून जाड व्हायला लागल्या. पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली या त्वचारोगावर लिहिलं. पुष्कळ रुग्णांनी ते गवत हातात धरलेलंही नसायचं. त्याचे सुके कण वाऱ्यावर उडून येत, तेवढं पुरे. हे मला पुढे फार कामी आलं.

२. घरात आणखी कोणाला खाजतं, हा दुसरा प्रश्न.

आमच्या पाड्यावर पहिला संशय खरजेचाच येतो, आणि तो यायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला उष्ण प्रदेशातल्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. कातडीत बोगदा करून राहणारा हा डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे ज्याला आज खाजत नाही त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. म्हणून औषध एकट्याने लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा, पर्मेथ्रिनचं मलम लावायचं, सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचं. तान्ह्या बाळाच्या डोक्यालाही लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. औषध लागू पडल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेले किडे कातडीतच असतात. तेवढ्यात "औषध लागलं नाही" म्हणून पुन्हा पुन्हा तेच लावलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि खाज वाढते.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने खरजेवर प्रयोग केले. युद्धात लढायला नकार दिलेले तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. खरजेच्या रुग्णांची न धुतलेली पांघरुणं आणि कपडे त्यांनी वापरले, तरी फारच थोड्यांना खरूज लागली. ती मुख्यतः अंगाला अंग लागूनच पसरते, असं त्यातून कळलं. उन्हाळ्यात जिथे हंड्याहंड्याने पाणी आणावं लागतं तिथल्या बाईसाठी ही माहिती मोलाची आहे. घरातल्या सगळ्या गोधड्या उकळत बसण्याची गरज नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे आणि पांघरुणं गरम पाण्याने धुवा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. तुमची ताकद सगळ्यांना एकाच रात्री मलम लावून घेण्यात खर्च करा, विशेषतः जो नवरा किंवा दीर "मला काही झालेलं नाही" म्हणतो त्याला.

आम्ही सगळ्या घराने हे केलं. सासूबाई, मुलं, जाऊ, सगळे. माझी खाज तशीच राहिली आणि त्या सगळ्या काळात दुसऱ्या कोणालाही खाजलं नाही. आमच्या पाड्यावरची आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, तिने हे दोन्ही लक्षात ठेवलं आणि डॉक्टरांना सांगितलं. खरजेचा संशय तिथे संपला.

३. तीन औषधं एकत्र असलेलं मलम दुकानातून आणू नका.

हे माझ्या दिरावर गुजरलं. कंबरेला नायटा होता. औषधाच्या दुकानातून त्याने एक मलम आणलं. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जबरदस्त ताकदीचं स्टेरॉइड असं एकत्र होतं. दोन दिवसांत खाज थांबली. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही तेच दाबतं. मलम बंद केलं की नायटा दुप्पट जागेत उठायचा, कड पुसट झालेली, गोल आकार गेलेला. डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने तो नायटा वाटेना. शेवटी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले, तेव्हा निदान झालं. जांघेत कायमच्या पांढऱ्या भेगा राहिल्या, पोटावर बाळंतिणीला पडतात तशा.

त्याच्या एकट्याची ही गोष्ट नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर नायटा हट्टी झाला आहे, आणि अशी मिश्र मलमं त्याला मोठं कारण आहेत, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने बरीचशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या अंगावरून मिळालेल्या एका बुरशीला "ट्रायकोफायटॉन इंडोटिनी" असं नाव दिलं. नेहमीच्या टर्बिनाफीन गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. नायट्याला डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध लावायचं असतं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस.

कारण शोधणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: ज्या चट्ट्यावर कालपर्यंत काहीबाही लावलेलं आहे, त्याचा चेहरा बदललेला असतो. आमच्याकडे भगत पाला देतो, कोणी करंजीचं तेल सांगतं, कोणी कडुलिंब. करंजीच्या तेलाने मला गारही वाटलं. पण चार गोष्टी एकावर एक लावल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने चिघळलं, हे कोणालाच सांगता येत नाही. बिब्ब्याचं तेल तर कातडीवर कधीच घेऊ नका. त्यानेच भाजल्यासारखं काळं पुरळ उठतं.

४. "हे तर मी कायमच वापरते" या वाक्यावर विसंबू नका.

मला विचारलं जायचं, नवीन काय वापरायला लागलात? नवीन काहीच नव्हतं. तोच साबण, तेच रंग, तेच काम. म्हणून रंगांचा संशय बराच काळ कोणालाच आला नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. या प्रकारची ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला होत नाही. शरीराला त्या वस्तूची ओळख पटावी लागते. ती कधी दोन आठवड्यांत पटते, कधी वीस वर्षांनी. गवंड्याला सिमेंटची ॲलर्जी अशीच होते. सिमेंटमधलं क्रोमियम वर्षानुवर्षं हाताला लागत असतं आणि एके दिवशी कातडी ते सोसायचं थांबवते. एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभराची. मग अगदी थोडा स्पर्शही पुरतो. म्हणून नव्या वस्तूंची यादी करताना जुन्या, रोजच्या, विश्वासाच्या वस्तूही त्यात घ्या.

५. वही ठेवा, आणि कालचं नव्हे तर परवाचं पान वाचा.

मला सगळ्यांत जास्त दिलं ते या वहीने, म्हणून यावर थोडं थांबते.

मुलाच्या जुन्या वहीत मी तीन रकाने आखले. हाताला काय काय लागलं. कुठे होते. खाज किती. भांड्यांचा साबण, लसूण सोलली, आवणी केली, चिकू काढले, कॅनव्हासला गेरूचा हात दिला, सगळं लिहायचं. सुरुवातीला काहीच जुळेना, कारण मी खाज सुटलेल्या दिवसाचं पान पाहत होते. अशी ॲलर्जी स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी उठते. आशाताईला हे डॉक्टरांकडून कळलं आणि तिने मला सांगितलं, तेव्हापासून मी मागची पानं उलटायला लागले.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं. माहेर तलासरी तालुक्यातलं. चौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, लिहायला मला बोलावणं होतं. लग्नाचा चौक अजूनही जुन्या पद्धतीनेच लिहितात: कारवीच्या कुडाची भिंत, शेणाचा हात, वर गेरू, आणि पांढऱ्यासाठी तांदूळ भिजवून वाटलेलं पातळ पीठ. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात होती आणि आम्ही सवाशिणी लिहीत होतो. माझा हात कोपरापर्यंत पिठात होता. त्या सगळ्या दिवसांत मी पाणी, शेण, माती, धूर, हळद, सगळ्यात वावरले. पापण्या उतरल्या. बोटांच्या भेगा मिटायला लागल्या. वहीत मी ते नुसतं लिहून ठेवलं. लग्नघरच्या आनंदाने बरं वाटलं असेल, असंच तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या.

परत आल्यावर एका शाळेच्या वर्गांच्या भिंतींवर चित्रं काढायचं काम होतं. रंगाऱ्यांनी आदल्या दिवशीच भिंतींना पाण्यात मिसळायच्या तयार रंगाचा हात दिला होता. खिडक्या बंद होत्या. मी तिथे पहिले दोन दिवस फक्त खडूने आखणी केली. रंगाचा एकही डबा उघडला नाही, ब्रश हातात घेतला नाही. तिसऱ्या सकाळी माझे डोळे उघडेनात, गाल आणि मानही लाल. हातांना मात्र त्या वेळी फारसं काही नव्हतं.

दोन पानं शेजारी ठेवली. तेच काम, तेच हात. एका ठिकाणी पिठात कोपरापर्यंत बुडूनही काही नाही, दुसऱ्या ठिकाणी हात न लावता चेहरा सुजलेला. आजवर ज्याला आम्ही माझ्या हाताचा आजार समजत होतो, तो रंगाच्या डब्यातून येत होता, आणि ओल्या भिंतीवरून हवेतूनही येत होता.

खाजेचं कारण शोधणाऱ्याला माझं सांगणं आहे: बरं वाटलेले दिवस त्रासाच्या दिवसांइतकेच काळजीने लिहा. गावी गेल्यावर कमी होतं का, सुट्टीत कमी होतं का, वीटभट्टीवरून घरी आल्यावर कमी होतं का? कारण बहुधा त्या दोन जागांच्या फरकात असतं.

६. जेवणातली एकेक गोष्ट तोडत बसू नका.

वांगं बंद, सुकट बंद, बोंबील बंद, आंबट बंद. मलाही हे सगळं सांगितलं गेलं. आमच्याकडे मासळी तोडली तर ताटात उरतंच किती? अंगावर पित्त उठतं तेव्हा खाण्याचा संबंध कधीकधी असतो. ते पित्त आहे का, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. गांधीभोवती पेनने रेघ मारा. चोवीस तासांच्या आत ती गांधी तिथून नाहीशी होऊन दुसरीकडे उठली तर ते पित्त. रेघेच्या आत तशीच बसून राहिली आणि तिला खवले धरले, तर ताट सोडून बाहेर शोधा. लहान मुलाचं आणि गरोदर बाईचं जेवण तर कोणाच्या सांगण्यावरून तोडू नका.

७. पाठीवरची पट्टी.

वही घेऊन मी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, त्यामुळे हे आम्हाला जमतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही डबा उघडलाही नव्हता, हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे." मग पॅच टेस्ट सांगितली.

ही चाचणी जुनी आहे. योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली ती मांडली. पाठीवर छोट्या चकत्यांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक चकतीत एकेक संशयित पदार्थ अगदी मोजक्या प्रमाणात असतो. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढून पाठ पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण काही पदार्थ उशिरा उठतात. दुसरी तपासणी चुकवू नका. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात किंवा भात लावणीच्या दिवसांत ही चाचणी ठरवू नका. पाठीवर स्टेरॉइड मलम लावलेलं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, नाहीतर असलेली ॲलर्जीही दिसत नाही. रक्त तपासून किंवा हाताला सुई टोचून होणाऱ्या ॲलर्जीच्या चाचण्या वेगळ्या. माझ्यासारख्या पुरळाला त्यांचा उपयोग नसतो, आणि खाजगीत त्यांना पैसे फार पडतात.

पहिल्या पट्टीत निकेल उठलं. मला वाटलं, सापडलं. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. खोट्या कुड्यांनी माझे कान पूर्वीपासून चिघळत, ते निकेलमुळे. पण आत्ताची खाज कानाला नव्हती, अंगठ्याला आणि पापणीला होती. चाचणीत काहीतरी उठलं म्हणजे तेच कारण असं नसतं. ते त्या जागेशी आणि त्या दिवसांशी जुळावं लागतं. मी हे अनेकांना समजावून सांगते, कारण इथेच माणसं हातात कागद घेऊन समाधानाने घरी जातात आणि खाज चालूच राहते.

मग त्यांनी दुसरी पट्टी लावली. तीत प्रसाधनांमध्ये घालतात ते पदार्थ होते. त्यातली एक चकती लाल, टणक, पुळ्यांनी भरलेली निघाली. ते होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणि त्याचं क्लोरीनवालं भावंड, यांचं मिश्रण.

८. एक संरक्षक द्रव्य.

नाव लांब आहे, काम साधं आहे. वाटलेलं तांदळाचं पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं. पाण्यात कालवलेला कोणताही रंग असाच आंबला असता, त्याला बुरशी आली असती. डब्यात तो महिनोनमहिने टिकावा म्हणून जंतू मारणारं द्रव्य थोडं घालतात. पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, ॲक्रिलिक रंग, पांढरा गोंद, भांड्यांचा पातळ साबण, शॅम्पू, ओले रुमाल, या सगळ्यांत ते असू शकतं. भिंतीवरचा रंग वाळताना, आणि वाळल्यावरही काही आठवडे, ते हवेत सुटत राहतं. माझे डोळे बंद झाले ते यामुळे.

जगात हा त्रास लाखो लोकांना झाला. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मिथाइलआयसोथायाझोलिनोनला त्या वर्षीचं प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं. युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये त्याला बंदी घातली. तिथे रंगाच्या डब्यातही ते ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर डब्यावर त्याचं नाव आणि ॲलर्जीचा इशारा छापावा लागतो.

आपल्याकडे शॅम्पूच्या बाटलीवर घटक छापलेले असतात, बारीक अक्षरांत का होईना. मी ज्या डब्यांतून रंग घेत होते त्यांच्यावर संरक्षक द्रव्याचं नाव कुठेच नव्हतं. दिवसभर त्यात हात घालणाऱ्या माणसाला ते वाचायचा काहीच मार्ग नव्हता, याचा मला राग येतो.

९. कारण कळल्यावर घर तपासा.

रंग सोडला तरी बोटं पूर्ण बरी होईनात. भांड्यांचा पातळ साबण आणि शॅम्पू, दोन्हींच्या मागे तेच नाव निघालं. ते बदलले आणि मग कातडी भरून आली. संरक्षकाची ॲलर्जी असलेल्याने एकच बाटली टाकून थांबू नये. ओट्यापासून न्हाणीपर्यंत सगळं वाचावं. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करून पाहावं.

कामात मी आता कोरडी पांढरी पूड आणते आणि बाभळीच्या डिंकात रोज लागेल तेवढीच कालवते. उरली तर फेकते. कॅनव्हासवर ती चांगली बसते. भिंतीचं काम घेताना चुन्याचा हात दिलेली भिंत मागते. चुना इतका तीव्र असतो की त्यात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे त्याला हे द्रव्य लागत नाही. ओला चुना हाताला भाजतो, म्हणून तो वाळल्यावरच मी काम सुरू करते. तयार रंगच वापरायचा असेल तर भिंत रंगवून काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मग बोलवा, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगते. काही कामं त्यामुळे हातची जातात. हात शाबूत आहे, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१०. न खाजणारा चट्टा जास्त घाईचा.

खाजेबद्दल लिहिताना हे आमच्या पालघर जिल्ह्यासाठी लिहायलाच हवं. फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, आणि पिसाने किंवा कापसाने स्पर्श केला तर कळत नाही: तो कुष्ठरोगाचा असू शकतो. आशाताई घरी येऊन तपासते तेव्हा पाठ आणि मांड्याही दाखवा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर हातापायांना व्यंग येत नाही. आणि नवीन गोळी घेतल्यावर पुरळासोबत ताप आला, तोंडात फोड आले, कातडी सुटायला लागली, तर वही बिही काही नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुरळ काहीच नाही, पण सगळ्या अंगाला महिनोनमहिने खाज आहे, तर रक्त तपासून घ्या. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि अंगातलं लोह, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं.

रंग बनवणाऱ्यांकडे आणि त्यांचे नियम करणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: डब्यावर संरक्षक द्रव्याचं नाव मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. शाळा, रिसॉर्ट, कचेऱ्या आमच्या चित्रकारांना भिंती रंगवायला बोलावतात, त्यांनी खोली आधी वाळू द्यावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि ज्यांची खाज दोन-तीन महिने औषध घेऊनही हटत नाही, त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं, "माझी पॅच टेस्ट करता येईल का?" जाताना वही आणि रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंचे डबे सोबत न्या.